एका अंगाला बसायची बोट

कसबा बावड्याच्या नेमगोंडा पाटलांना पोहता येत नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. पंचगंगेच्या काठाला जन्म गेला, पण पाणी गुडघ्याच्या वर आलं की गड्याचा चेहरा उतरायचा. आणि याच माणसाला बोटीचं वेड. हंगामात गुऱ्हाळ पेटलं, काईलीतला रस उकळायला लागला आणि वाफेनं सगळं गुऱ्हाळघर भरून गेलं की नेमगोंडा खाटेवर बसून मनातल्या मनात बोट निवडायला घ्यायचे. पांढरी बरी की निळी? शीड एक असावं की दोन? आत निजायला खोली हवी, की नुसता बाक पुरे? त्या वाफेत त्यांना शीड दिसायचं, शिडात भरलेला वारा दिसायचा. मग चुलवाणात जाळ घालणारा गडी ‘आण्णा, चिपाडं संपली!’ म्हणून ओरडायचा आणि भरल्या शिडाची बोट कुठल्या कुठं निघून जायची.

विकत घ्यायची नव्हती. एवढा खुळा माणूस नव्हता तो. भाड्यानं घ्यायची, चार दिवसांसाठी, सुट्टी म्हणून. गुऱ्हाळवाल्याला कसली सुट्टी, असं कुणी विचारलं तर ते नुसते हसायचे. सगळ्या बावड्याला हे ठाऊक. चहाच्या गाड्यावर, सोसायटीत, साखर कारखान्याच्या फाटकाशी लोक विचारायचे, ‘काय आण्णा, ठरली का बोट?’ आणि नेमगोंडाही न चिडता सांगायचे, ‘औंदा पांढरी बघायलोय.’

सगळ्यांत जास्त चेष्टा केरबा करायचा. केरबा म्हणजे गुऱ्हाळावरचा गुळव्या. रस किती शिजवायचा आणि काईल कधी उतरवायची, हे त्याच्या शब्दावर. शाळेत दोघं एकाच बाकावर बसलेले, एकाच मास्तरचा मार खाल्लेले. केरबा पोहण्यात मात्र बावड्यात पहिला. तो म्हणायचा, ‘अरं लेका नेमू, तुला पवाय येत न्हाई आन् तू समुद्रात जाणार! बुडलास तर ह्या वयात मी किती वेळ धरू तुला?’

फक्त एका माणसासमोर हा विषय कधी निघत नव्हता. ती त्यांची बायको, राजमती. ती गुऱ्हाळावर डबा घेऊन आली की नेमगोंडा एकदम उसाच्या दरावर बोलायला लागायचे. लोकांना वाटे, आण्णा बायकोला भितात. तसं काही नव्हतं. बोट होती तीच मुळी राजमतीसाठी, आणि राजमती बोटीत बसू शकत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. निवडायचं ते नुसतं निवडण्याच्या सुखासाठी. तेवढ्यानंही माणसाचे हिवाळे बरे जातात.

सुरुवात फार जुनी होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी राजमती पंचमीला नदीपल्याडच्या माहेरी गेली आणि पाठोपाठ पूर आला. पूल, रस्ता, सगळं पाण्याखाली. इकडं नेमगोंडांची आई तापानं अंथरुणाला खिळली, घरात दुसरं बाईमाणूस नाही. आमच्याकडं अशा वेळी नाव शोधत बसत नाहीत, गुऱ्हाळावरची काईल पाण्यात सोडतात. गूळ शिजवायची ती भली मोठी लोखंडी कढई. सपाट बुडाची, काठ उभे, पाण्यावर झकास तरंगते, पण तिला तोंड नाही की शेपूट नाही. कुणीतरी काठ धरून पोहत ढकलायची. ढकलायला अर्थात केरबा होता.

परत येताना काईलीत नेमगोंडा आणि त्यांची नवी नवरी. केरबानं पाण्यातूनच दम भरला, ‘समोरासमोर बसा! मधी हात न्हाई, पाय न्हाई. दोघं एका अंगाला सरकलासा तर काईल कलंडंल, मग मी एकट्यालाच काढीन, आदीच सांगतो!’

तेव्हा दोघं बसले समोरासमोर, काठाला पाठ लावून. एकत्र कुटुंबातलं लग्न. घरात सासू, सासरे, दीर. एवढ्या दिवसांत या दोघांनी दिवसाउजेडी एकमेकांकडं धड पाहिलंही नव्हतं. आता मात्र दुसरीकडं बघायला काही उरलंच नव्हतं. तांबडं पाणी, वर ढग, आणि समोर हिरव्या लुगड्यातली राजमती. मधल्या धारेला काईल गरगरा फिरायला लागली. तिच्या मागं एकदा बावडा यायचा, एकदा माहेर यायचं, पुन्हा बावडा. राजमती आधी भ्यायली आणि मग तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. हसता हसता ती त्यांच्या अंगावर सरकली. काईल कलली, काठावरून पाणी आत आलं, केरबानं दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती घाईघाईनं परत आपल्या जागी जाऊन बसली. तेव्हा नेमगोंडा तिला म्हणाले होते, ‘भिऊ नगंस. एक दिवस मोठ्या पाण्यावर न्हेतो तुला. चांगल्या बोटीतनं.’ पाण्याच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं की नाही, त्यांना कधी कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

पुढं काही वर्षांनी कोल्हापुरात एका जैन मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, रोज प्रवचन. एके दिवशी बावड्याच्या बायकांनी मिळून दिग्व्रत घेतलं. हे व्रत असं, की चारी दिशांना आपण कुठवर जायचं याची हद्द आपणच आखायची आणि जन्मभर ती ओलांडायची नाही. पूर्वेला शिखरजी, उत्तरेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ. तीर्थं आत राहतील अशा बेतानं बायका सांगत गेल्या. पश्चिमेचं नाव निघालं तेव्हा अडचणच नव्हती. तिकडं तीर्थ कुठलं? नुसतं कोकण आणि समुद्र. ‘गगनबावडा,’ पहिली म्हणाली, म्हणजे कोकणात उतरणाऱ्या घाटाचा माथा. तिच्या मागची म्हणाली, ‘गगनबावडा.’ पुरुषांच्या बाजूला बसलेल्या नेमगोंडांच्या कानावर एकामागून एक गगनबावडा पडत राहिला. राजमतीचा नंबर यायच्या आधीच ते उठून बाहेर गेले. चपला शोधायच्या निमित्तानं बराच वेळ उन्हात उभे राहिले. घाटमाथ्याला आपल्या बायकोनं दार लावून घेतलं, असं त्यांना वाटलं. वाईट वाटलं, आणि व्रताबद्दल वाईट वाटतंय म्हणून आणखी वाईट वाटलं.

ते पुढं कधी तिच्याजवळ बोलले नाहीत. व्रत ज्याचं त्याचं. त्यात कुणी खोदून विचारत नाही. शिवाय पुरावा मिळत गेला. गल्लीतल्या, व्रत न घेतलेल्या बायका मालवणला सहलीला निघाल्या, राजमती गेली नाही. भावाच्या मुलीचं लग्न रत्नागिरीला झालं, तिनं आहेर पाठवला, स्वतः गेली नाही. प्रत्येक वेळी नेमगोंडा मनात म्हणाले, बघ, व्रत.

ते स्वतः मात्र त्र्याण्णव साली गुळाच्या ट्रकबरोबर गोव्याला गेले. उतारा झाल्यावर ड्रायव्हरनं त्यांना किनाऱ्यावर नेलं. लांब पाण्यात एक पांढरी बोट होती. शीड वाऱ्यानं फुगलेलं, आणि बोट सगळी एका अंगावर कललेली. नेमगोंडांना काईल आठवली. आता कलंडते! पण ती कलंडली नाही. तशीच तिरकी, मजेत चालत राहिली. ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेला तरी ते हलले नाहीत. गुऱ्हाळाच्या वाफेत शीड दिसायला लागलं ते त्या हिवाळ्यापासून.

अशी दहाएक वर्षं गेली. मुलगा अभिनंदन शिरोली एमआयडीसीत स्वतःचं वर्कशॉप चालवायला लागला. त्याची बायको आदिती तिथलं ऑफिस सांभाळायची. ऑफिसात इंटरनेट आलं, आणि सासऱ्यांची म्हणजे ‘मामांची बोट’ ही राजमतीच्या माघारी चालणारी घरातली चेष्टा तिनं एके दिवशी खरी धरली.

‘मामा, या की शिरोलीला. बोटी दाखवते.’

‘नुसतं बघायला काय जातंय?’ म्हणत नेमगोंडा गेले, केरबालाही घेऊन गेले. पडद्यावर एक-एक फोटो वरून खाली सावकाश उघडायचा. आधी आभाळ, मग शीड, मग बोट, मग पाणी. दोघं म्हातारे खुर्च्या ओढून देवदर्शनाला बसल्यासारखे बसले. पणजीचा एक बोटवाला दोन बोटी भाड्यानं द्यायचा. एक दोन बुडांची, दोन होड्या शेजारी ठेवून वर माडी चढवावी तशी. दुसरी एकाच बुडाची, लांबट, निमुळती, आणि खाली पाण्यात शिरलेला लोखंडाचा जड पंख. बोटवाल्याच्या कागदात तिला मोनोहल म्हटलं होतं. केरबानं तिचं तिथल्या तिथं ‘एकबुडी’ असं बारसं केलं.

अभिनंदनला गोव्यात काम निघालं तेव्हा हे दोघेही जीपमध्ये बसले. जेटीवर दोन्ही बोटी उभ्या होत्या. नेमगोंडांनी जन्मभर काईली घेतल्या होत्या त्याच रीतीनं बोट तपासायला घेतली. वाकले आणि बोटांच्या पेरांनी बाहेरच्या अंगावर ठोकलं. चांगली काईल ठोकली की खणकन वाजते. ही वाजली ‘ठप्प’.

‘फुटकी हाय,’ नेमगोंडा म्हणाले.

‘फायबर आहे, काका,’ बोटवाला म्हणाला.

‘दुसरी वाजवून बघ,’ केरबा म्हणाला. दुसरीही ठप्प. मग दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि समुद्राच्या बोटी मुळात वाजतच नसाव्यात, अशी स्वतःची समजूत घातली. पुढचा प्रश्न जेवणाचा. आत कधी मासळी शिजली आहे का? बोटवाला गोव्याचा. तो आधी हसला, मग समोरचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं. चूल, भांडी काहीच वापरायचं नाही, डबे घरून आणायचे आणि जेवणं दिवस मावळायच्या आत, असं ठरलं.

बोटवाल्याचं मत दोन बुडांच्या बोटीला होतं. ‘वयस्क माणसं आहेत तर हीच घ्या. अजिबात कलत नाही. हिच्यात चहाचा कप भरून ठेवा, सांडणार नाही.’ अभिनंदनलाही पटलं. आत पलंग, बसायला ऐसपैस. नेमगोंडा वर जाऊन बसले. खरंच हलत नव्हती. गच्चीवर बसल्यासारखं वाटलं. पाण्यावर आहोत याचा पत्ताच लागेना.

‘आन् ही एकबुडी?’

‘ही कलते. शीड भरलं की एका बाजूला झुकतेच. पण खाली वजन आहे, उलटत नाही.’

‘कलली की मग माणसांनी बसायचं कुठं? समोरासमोर?’

‘छे, छे. सगळ्यांनी वरच्या बाजूला यायचं. एका रांगेत, एकमेकांना चिकटून बसायचं. तेवढंच वजन बोटीला मदत करतं.’

नेमगोंडांनी त्या बोटीच्या काठावर हात ठेवला. दोघांनी एका अंगाला बसलं म्हणून कुणी शिव्या देत नाही, उलट बसाच म्हणतात, अशी बोट जगात होती तर. त्यांना हिरवं लुगडं दिसलं. गरगर फिरणारा बावडा दिसला.

‘हीच घ्यायची,’ ते म्हणाले.

‘आण्णा, अहो कलते ती!’ अभिनंदन म्हणाला.

‘कलू दे की.’

एरवी केरबानं चेष्टा केली असती. पण त्याला काहीतरी आठवलं असावं, कारण तो उगीचच खोकला आणि पाण्याकडं तोंड करून उभा राहिला. दसरा झाला की दिवाळीच्या आधी, गुऱ्हाळ पेटायच्या अगोदर, चार दिवस ठरले. नेमगोंडांनी इसाराचे पैसे तिथंच मोजून दिले.

परतीला आंबोलीचा घाट लागला. जीप वळणं घेत चढत होती, खाली कोकण धुक्यात बुडत चाललं होतं. आणि घाटमाथा आला तसे नेमगोंडा स्वप्नातून धाडकन जमिनीवर आले. ही हद्द. हिच्या पलीकडं राजमती येणार नाही. आपण बोट निवडली, ठरवली, पैसे दिले, आणि जिच्यासाठी हे सगळं ती या रेघेच्या अलीकडं वाल निवडत बसली आहे. एवढी साधी गोष्ट आपण विसरलोच कसे? त्यांना स्वतःचा फार राग आला. कोल्हापूर येईतो ते खिडकीतून मागंच बघत राहिले.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. आदितीला वाटलं, मामांनी आत्तींना सांगितलं असेल. निघायला आठवडा राहिला तेव्हा एके दुपारी ती सोप्यात येऊन म्हणाली, ‘आत्ती, दशम्या किती करायच्या? आणि बोटीवर वारं असतंय म्हणे. स्वेटर घ्या हं.’

राजमती सूप घेऊन बसली होती. तिचे हात थांबले. झोपाळ्यावर बसलेल्या नेमगोंडांचा पाय जमिनीला लागला आणि झोपाळाही थांबला.

‘ती न्हाई यायची,’ ते घाईनं म्हणाले. ‘तू फोन कर त्या बोटवाल्याला. नगं म्हणून सांग. इसार बुडाला तर बुडाला.’

‘का न्हाई यायची मी?’ राजमतीनं विचारलं.

‘तुझं व्रत हाय न्हवं. दिग्व्रत. गगनबावड्याच्या पल्याड...’

‘गगनबावडा कोण म्हटलं?’

‘बस्तीत. सगळ्या बायका म्हणत हुत्या. मी ऐकलंय की कानांनी.’

‘बायका म्हटल्या. मी म्हटलं हुतं का?’

नेमगोंडा झोपाळ्याची कडी चाचपायला लागले. राजमतीनं सूप बाजूला ठेवलं. एरवी हळू बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिचा आवाज शेजारच्या घरात गेला असेल.

‘महाराजांनी मला इचारलं, पश्चिमेला कुठवर? मी म्हटलं, त्या अंगाची हद्द नगं घालाय. महाराज म्हणाले, बाई, तिकडं कुठलं तीर्थ न्हाई. म्हटलं, नसू दे. मालकांनी मला मोठ्या पाण्यावर न्हेतो म्हणून शबुद दिलाय. मी हद्द घातली तर त्यांचा शबुद खोटा पडंल. तीन दिशा बांधल्या मी. एक तुमच्यासाठी उघडी ठेवली.’

‘तुला ऐकू गेलतं?’ नेमगोंडांनी विचारलं.

‘काईलीत दोघंच हुतो. मला न्हाई ऐकू येणार तर कुणाला?’

‘मग मालवणला गेली न्हाईस ती? रत्नागिरीला?’

‘समुद्र पयल्यांदा बघायचा तर तुमच्यासंगं बघायचा हुता,’ ती म्हणाली, आणि एवढं बोलल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘आन् तुम्ही सगळ्या गावाला बोट सांगितलीसा. चहाच्या गाड्यावर सांगितलीसा. मी डबा घेऊन आले की उसाचा दर! मला वाटलं, ह्यांना आता मला न्यायचंच न्हाई. म्हातारी झाले, केरबाला न्हेतील. एकदा तरी इचारायचं!’

आदिती हळूच आत निघून गेली. नेमगोंडा झोपाळ्यावरून उठले आणि बायकोसमोर फरशीवर मांडी घालून बसले. गुन्हा मोठा होता आणि तो दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नव्हती. त्यांनी सूप पुढं ओढलं आणि वालातले खडे वेचायला लागले. धड वेचता येत नव्हतं, चांगले दाणेही बाजूला टाकत होते. राजमतीनं थोडा वेळ बघितलं.

‘येतीस का?’ त्यांनी खाली मान घालूनच विचारलं.

‘ते सूप द्या हिकडं,’ ती म्हणाली. ‘आदिती! दशम्या पन्नास करू. केरबाभावजी एकटे धा खातील.’

पणजीच्या जेटीवर राजमती किती तरी वेळ नदीच्या तोंडापलीकडच्या समुद्राकडं बघत उभी होती. काय वाटलं, असं नेमगोंडांनी विचारलं, तर म्हणाली, ‘पैलतीर कुठाय ह्याला?’ आणि पदर खोचून ती बोटीत चढली. केरबा बोट चालवणाऱ्या तांडेलाशेजारी जाऊन बसला. आपल्याला ढकलायला उतरावं लागणार नाही ना, हे त्यानं आधी दोनदा विचारून घेतलं.

नदीचं तोंड मागं पडलं तसं तांडेलानं शीड वर चढवलं. आधी ते नुसतं फडफडत होतं. मग वारा भरला आणि यंत्राचा आवाज बंद झाला. नेमगोंडा एका बाजूच्या बाकावर बसले होते. राजमती न विसरता त्यांच्या बरोबर समोर जाऊन बसली, काठाला पाठ लावून, हात मांडीवर. एवढी वर्षं उलटून गेली तरी केरबाचा दम तिच्या मनातून गेला नव्हता. दोघं एकमेकांकडं बघत होते आणि त्यांच्या मागं गोव्याचे माड सावकाश सरकत होते.

मग बोट कलली. राजमतीची बाजू पाण्याकडं खाली झुकली, तिनं घाबरून बाक धरला.

‘आजी, वरच्या बाजूला जा, वरच्या!’ तांडेल ओरडला. ‘त्यांच्या शेजारी बसा.’

‘काईल कलंडंल की!’ राजमती ओरडली.

‘न्हाई कलंडत,’ नेमगोंडांनी हात पुढं केला. ‘हिच्यात दोघांनी एकाच अंगाला बसायचं असतंय.’

ती हात धरून चढत आली आणि त्यांना टेकून बसली. बोट तशीच तिरकी, मजेत चालली होती. पाण्याचे तुषार तोंडावर येत होते.

‘तुम्हाला ठावं हुतं हे असं बसायचं असतंय म्हणून?’ थोड्या वेळानं तिनं विचारलं.

‘म्हणून तर ही घेतली.’

राजमतीनं तोंडावरचं पाणी पुसलं. तिनं त्यांचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला. तांडेलाशेजारून केरबानं एकदा मागं वळून पाहिलं, आणि या वेळी शिवी दिली नाही.